कामठ्याची दोरी

तीरकामठा म्हटलं की आपलं लक्ष कुठे जातं? बाणाकडे. मग बाणाच्या टोकाकडे, फार तर कामठ्याच्या बाकाकडे. दोरीकडे कुणी बघत नाही. रामायणातल्या स्वयंवरात सुद्धा सगळी गंमत दोरी चढवण्याची आहे, पण ती दोरी कशाची होती हे आपल्यापैकी किती जणांना विचारावंसं वाटलं?

आजचा विषय ही दोरी. आणि ती सुद्धा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातली.

गंमत म्हणजे तिथल्या पारंपरिक कामठ्याला जी दोरी असते ती दोरी नसतेच. ती बांबूची कांब असते. म्हणजे कामठा बांबूचा आणि त्याला ताणून धरणारी पट्टीही बांबूचीच. गोंड आणि माडिया लोकांचा कामठा असा, आणि तिकडे सातपुड्यात भिल्लांचाही असाच. गोंडीत धनुष्याला 'विल' म्हणतात. तेलुगूत विल्लु, तमिळमध्ये विल. शब्द तिथला, आणि 'भिल्ल' हे नावही याच शब्दावरून आलं अशी एक व्युत्पत्ती सांगतात.

पहिल्यांदा हे वाचलं की शहरी डोक्यात एक विचार हमखास येतो. बिचाऱ्यांना चांगली दोरी मिळाली नसेल, म्हणून बांबूवर भागवलं. मला म्हणायचंय ते याच्या नेमकं उलटं आहे. त्या जंगलात, त्या हवेत, त्या कामासाठी उपलब्ध असलेल्या सगळ्या पर्यायांत बांबू हा विचारपूर्वक निवडावा असा पर्याय आहे. आणि या निवडीत एक धोकाही लपलेला होता, जो बांबूच्या गुणधर्मांत नव्हता. तो कुठे होता ते शेवटी बघू.

कौटिल्याची यादी

आधी थोडं मागे जाऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात शस्त्रागाराच्या प्रमुखाची कामं सांगितली आहेत. (हा ग्रंथ शतकानुशतकं फक्त नावानेच माहीत होता. १९०५ मध्ये म्हैसूरला हस्तलिखित हाती लागलं आणि १९०९ मध्ये शामशास्त्रींनी ते छापलं.) तिथे धनुष्य कशाकशाचं करावं याची यादी आहे: ताड, चाप नावाचा बांबू, लाकूड, शिंग. लगेच पुढे दोरीची यादी: मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु, स्नायु.

ही यादी जरा उलगडून बघा. अर्क म्हणजे आपली रुई, जिची पानं शनिवारी मारुतीला घालतो. तिच्या सालीत चिवट पांढरे धागे असतात. शण म्हणजे ताग. गवेधु हे एक गवत. स्नायु म्हणजे जनावराच्या पायापाठीतले पांढरे चिवट तंतू. मूर्वा नेमकी कोणती वनस्पती यावर वैद्य आणि वनस्पतीतज्ज्ञ अजून भांडतात, पण मान तिचा मोठा. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात 'मौर्वी' म्हणतात ते तिच्यावरून.

आणि वेणु? वेणु म्हणजे बांबू! म्हणजे मगधाच्या राजाच्या शस्त्रागाराच्या यादीत बांबूची दोरी ताग आणि स्नायूंच्या शेजारी, बरोबरीने बसलेली आहे. "दुसरं काही मिळालं नाही म्हणून" हा तर्क इथेच ढिला पडतो.

(एक छोटंसं विषयांतर. दोरीला संस्कृतात ज्या किंवा जीवा असंही म्हणतात. शाळेत वर्तुळाची 'जीवा' काढली होती ती हीच. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, आणि त्याची दोन टोकं जोडणारी ती दोरी. आर्यभटाची अर्धज्या अरबीत जाऊन, तिथून लॅटिनमध्ये भाषांतराच्या घोळात 'साइनस' झाली, आणि आपण कॅल्क्युलेटरवर दाबतो ते साइन बटण तिथून आलं. असो.)

दोरीने करायचं काय?

आपल्या भाषेत सांगायचं तर आधी रिक्वायरमेंट्स लिहून काढू.

एक, दोरी तुटता कामा नये. धनुष्य ताणलेलं असताना दोरीवर जो ताण असतो त्याच्या कितीतरी पट ताण बाण सुटून दोरी झटक्यात सरळ होते त्या क्षणी येतो. म्हणून धनुष्य ओढायला जितकं वजन लागतं त्याच्या निदान चौपट ताण दोरीने सोसावा, असा ठोकताळा आहे.

दोन, दोरी फार ताणली जाऊ नये. रबरी दोरी लावली तर तुमच्या हाताने घातलेली ताकद दोरी लांबवण्यातच जाईल.

तीन, दोरी हलकी हवी. कारण बाणाबरोबर दोरीलाही पळावं लागतं. भौतिकशास्त्राचा हिशोब असा की दोरीच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग बाणाच्या वजनात मिळवल्यासारखा होतो.

चार, आणि गडचिरोलीसाठी सगळ्यांत महत्त्वाचं: पाऊस आला तरी दोरीची लांबी तीच राहायला हवी.

हे चौथं कलम का महत्त्वाचं? कामठा चढवलेला असताना दांडा आणि दोरी यांच्यात ठरावीक अंतर असतं. दोरी बोटभर जरी लांब-आखूड झाली तरी ते अंतर बदलतं, कामठ्याचा जोर बदलतो, बाण सुटण्याची वेळ बदलते. थोडक्यात, काल बसलेला नेम आज बसत नाही.

आता या जिल्ह्यांची हवा आठवा. मे महिन्यात चंद्रपूरचं नाव देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या बातमीत असतं. जून उलटला की तोच भाग चिंब. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी एकत्र येतात आणि पावसाळ्यात पुलावरून पाणी गेल्याची बातमी जवळपास दरवर्षी वाचायला मिळते. म्हणजे एकाच वर्षात भट्टी आणि न्हाणीघर. या हवेत टिकणारी दोरी हवी.

उमेदवार

स्नायू आणि तात (आतड्याची दोरी, पिंजाऱ्याच्या धनुकलीला असायची ती). कोरड्या हवेत उत्तम. पण दोन्ही प्राणिज. पावसाळ्यात तबला का उतरतो ते आठवा. चामडं, तात, स्नायू हे सगळे हवेतलं पाणी पितात आणि सैल पडतात. शिवाय स्नायू तुटण्याआधी आठ-दहा टक्के लांब होऊ शकतो. मोठ्या पल्ल्याच्या कोरड्या प्रदेशात ठीक, पण जुलैतल्या एटापल्लीत नाही.

पिळलेली दोरी. ताग, अंबाडी, रुई, माहुलवेलीची साल, असे कितीतरी धागे या जंगलात आणि शेतात आहेत. ताकद भरपूर, आणि ओल्या झाल्यावर तागासारखे सालीचे धागे कमजोरही पडत नाहीत. मग अडचण काय? पिळ. धागा ओला झाला की जाडीला फुगतो, पिळलेल्या दोरीत त्या फुगण्याने पिळ घट्ट होतो आणि दोरी आखडते. बाजेची सुंभाची विण पावसात भिजून ताठ झालेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. वाळली की पुन्हा ढिली. म्हणजे स्नायू भिजून लांब होतो आणि दोर भिजून आखूड होतो. दोघेही चौथ्या कलमात नापास किंवा काठावर पास.

राजमहालच्या डोंगरातले लोक तिथल्या एका वेलीच्या अतिशय चिवट धाग्याची दोरी धनुष्याला वापरत, आणि विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतीतज्ज्ञाने कंपनीच्या काळात त्या धाग्याची तारीफ केली होती. तेव्हा पिळलेली दोरी चालत नाही असं मुळीच नाही. ती मेण लावून, जपून वापरावी लागते, एवढंच.

बांबूची कांब

आता आपला उमेदवार. या जिल्ह्यांत सर्वत्र वाढतो तो मानवेल, म्हणजे जवळजवळ भरीव असणारा बांबू. बांबू आडवा कापून बघितलात तर काळपट ठिपके दिसतात. ते त्याच्या धाग्यांचे जुडगे. आतल्या बाजूला ते विरळ असतात आणि बाहेरच्या सालीकडे दाट होत जातात. आतल्या भागात धाग्यांचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास असेल तर अगदी बाहेर ते साठ टक्क्यांच्या घरात जातं. म्हणजे निसर्गाने सगळी ताकद सालीलगत भरून ठेवली आहे, आणि कांब काढताना नेमका तोच भाग ठेवतात. आतला मऊ गर खरवडून टाकायचा आणि बाहेरचा पातळ पट्टा ठेवायचा.

या पट्ट्याला पिळ नाही. धागे पहिल्यापासून सरळ, एका रेषेत, लांबीच्या दिशेने. त्यामुळे ओला झाला तरी तो जाडीला आणि रुंदीला किंचित फुगतो, लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. वरून सालीला मेणचट थर आणि सिलिका, त्यामुळे पाणी आत शिरतंही सावकाश. चौथं कलम डिस्टिंक्शनने पास.

बाकीची कलमं आकड्यांत बघू. हिशोब माझा आहे, अंदाजाचा आहे, पण चित्र स्पष्ट होतं. समजा कांब १४० सेंटीमीटर लांब, ६ मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड. छेद झाला ९ चौरस मिलिमीटर. बांबूच्या बाहेरच्या थराची ताण सोसण्याची क्षमता २०० मेगापास्कल धरली, तर ही कांब सुमारे १८०० न्यूटन, म्हणजे १८० किलोच्या आसपास वजन पेलेल. कामठा ओढायला २० किलो लागत असतील तर चौपट म्हणजे ८०. दुपटीहून जास्त मार्जिन!

वजन? घनता ०.७ धरली तर जेमतेम ९ ग्रॅम. त्याचा एक तृतीयांश म्हणजे ३. बाण लोखंडी फाळासकट ४० ग्रॅमचा धरला तर दोरीपायी वाया जाणारी ऊर्जा सात टक्के. याच जागी १८ ग्रॅमचा जाड दोर लावला तर तेरा टक्के. आणि ताणलं जाण्याचं म्हणाल तर बांबू एक-दोन टक्क्यांपलीकडे लांबतच नाही, त्याआधी तुटतो.

मग अडचण काहीच नाही?

आहे ना. बांबूला गाठ मारता येत नाही. धाग्याच्या दिशेने तो पोलादाशी बरोबरी सांगेल, पण आडवा वाकवा की चिरला. त्यामुळे कांबेच्या दोन्ही टोकांना खाचा पाडून तिथे दोराचे फास घट्ट बांधतात आणि ते फास कामठ्याच्या टोकांवर बसतात. म्हणजे प्रत्यक्षात ही हायब्रिड दोरी आहे. लांबीचा सगळा भाग बांबूचा, आणि जिथे वळायचं, अडकायचं तिथे तेवढा बोटभर दोर. जो तुकडा भिजून आखडणार तो इतका छोटा की एकूण लांबीवर परिणाम नाही. ज्या मटेरियलचा जो गुण, तो तिथेच वापरायचा. (दोरीला संस्कृतात 'गुण' असंही म्हणतात हा योगायोग छान आहे. :) )

दुसरी अडचण पेरांची. दीड मीटरच्या कांबेत बांबूच्या तीन-चार गाठी येणारच. गाठीपाशी धागे थोडे वाकडे होतात आणि कांब तुटली तर बहुधा तिथेच तुटते. म्हणून बांबू निवडताना लांब पेरांचा, सरळ वाढलेला निवडायचा. कोवळा नको, त्याचे धागे अजून घट्ट झालेले नसतात. पावसाळ्यात तोडलेला नको, त्याला भुंगा लवकर लागतो. आणि उन्हाळ्यात कांब सुकून तडकू शकते, तेव्हा तिच्यावर नजर ठेवायची.

पण तडकली तर काय? खरी कमाल इथे आहे. रेशमाची दोरी तुटली तर रेशीम आणायला बाजारात जावं लागतं. स्नायूची तुटली तर आधी शिकार करावी लागते आणि शिकारीला तर दोरी हवी! बांबूची तुटली तर हातात कोयता आणि समोर रांजी (बांबूचं बेट) असली की काम भागतं. कामठ्याचा दांडा, दोरी आणि गरज पडली तर बाणाची काडी, सगळं एकाच बेटातून.

याच तत्त्वावरचा आणखी एक प्रकार म्हणजे गलोल. हे पाखरं मारायचं धनुष्य. याला बाण नसतो, उन्हात वाळवलेली मातीची गोळी असते. याला दोन समांतर दोऱ्या लागतात आणि मधोमध गोळी बसण्यापुरती छोटीशी विणलेली जागा. पिळाची दोरी इथे स्वतःभोवती फिरेल आणि गोळी तिरकी जाईल. चपटी कांब फिरत नाही.

राजांची धनुष्यं

तुलनेसाठी दुसरं टोक बघू. मोगलांचं आणि त्यांच्यासारख्या घोडेस्वार फौजांचं धनुष्य लाकूड, शिंग आणि स्नायू सरसाने चिकटवून केलेलं असे. छोटं, देखणं, आणि भयंकर ताकदीचं. दोरी बहुधा रेशमाची. पण सरस म्हणजे प्राणिज डिंक, तो दमट हवेत सैल पडतो. ही अडचण इतकी खरी होती की भारतात चक्क पोलादी धनुष्यं बनवली गेली. मारा तितका चांगला नाही, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी हवेने बिघडत नाहीत, हा त्यांचा फायदा.

ओल्या दोरीची कथा युरोपातही आहे. १३४६ च्या क्रेसीच्या लढाईआधी पाऊस पडला, फ्रेंचांच्या बाजूच्या जिनोई तिरंदाजांच्या दोऱ्या भिजल्या आणि इंग्रजांनी मात्र आपल्या दोऱ्या काढून डोक्यावरच्या टोपीखाली कोरड्या ठेवल्या, असं सांगतात. कथा कितीही रंगवलेली असली तरी मूळ काळजी खरी आहे. दोरी भिजली की युद्ध भिजलं.

माडियांच्या कामठ्याला टोपीची गरज नव्हती.

आता त्या धोक्याबद्दल

इंजिनियरच्या नजरेने बघितलं तर या डिझाइनमध्ये एकच डिपेंडन्सी आहे: बांबू. सगळं त्याच्यावर. तो जोपर्यंत घराच्या मागे उगवतो आणि तोडायला कुणाला विचारावं लागत नाही तोपर्यंत ही सिस्टीम अभेद्य आहे. पण विचारावं लागलं तर?

आणि तेच झालं. १८७८ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जंगलं राखीव आणि संरक्षित करायला सुरुवात केली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला गेला. वनस्पतीशास्त्राप्रमाणे बांबू गवत आहे, पण कायद्याप्रमाणे झाड! चांदा जिल्ह्यात अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्या होत्या, त्या १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची जंगलंही सरकारकडे आली. दरम्यान १९४५ मध्ये बल्लारपूरला कागद कारखाना निघाला होता आणि या जंगलांतला बांबू ट्रक भरभरून कागदाच्या लगद्याकडे जाऊ लागला. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या शाळेच्या वह्यांत हा बांबू असेल. कारखान्याला बांबू लीजवर, आणि बेटाशेजारी राहणाऱ्याला मात्र कांब तोडायची तर नियम, सवलत, कार्ड, गार्ड.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बेकायदा ठरली. जंगलातली जनावरं ज्या वेगाने कमी झाली ते बघता कायदा हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण परिणाम असा झाला की कामठ्याचं रोजचं काम संपलं आणि तो पंडुमला (पंडुम म्हणजे सण), नाचाला, मिरवणुकीला उरला. रोज न वापरलेली वस्तू बनवण्याची अक्कल किती पिढ्या टिकते? आपला जुना कोड कुणी चालवत नसेल तर दोन वर्षांत आपल्यालाच कळेनासा होतो.

बांबूची गोष्ट मात्र इथे संपली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे त्यावर गावाचा हक्क. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा देणारं तेच गाव. हक्क मिळाला तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतुकीचा पास वनखात्याकडून, आणि घोडं तिथे अडलं. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत पासचं पुस्तकच ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये १९२७ च्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्दही वगळला, त्याचा फायदा मुख्यतः जंगलाबाहेर बांबू लावणाऱ्यांना. नव्वद वर्षांनी बांबू कायद्याने पुन्हा गवत झाला.

आज कार्यक्रमांत पाहुण्याला स्टेजवर तीरकामठा भेट देतात. पाहुणा तो ताणून फोटो काढतो. त्याला बऱ्याचदा नायलॉनची दोरी असते, आणि भिंतीवर टांगायच्या कामठ्याला ती पुरते. त्यात वाईट काही नाही. ऑलिंपिकच्या धनुष्यालाही आता पॉलिएथिलीनच्या धाग्यांची दोरी असते, न ताणली जाणारी, हलकी, पाणी न पिणारी. ही तीन विशेषणं पुन्हा एकदा वाचा. प्रयोगशाळेत इतक्या खटपटीने जी मिळवली, ती या जंगलात मानवेलीच्या सालीतून कोयत्याने काढली जात होती.

फरक एकच. पॉलिएथिलीनची दोरी तुटली की ऑर्डर करावी लागते.

पुढच्या वेळी ताडोब्याला वाघ बघायला जाल तेव्हा जाता-येता रस्त्याच्या कडेची बांबूची बेटं जरूर बघा. कांब कशी काढायची हे ज्याला येतं असा एखादा म्हातारा जवळच्या गावात भेटला, तर वाघ नंतर बघा. वाघ मोजायला सरकारी यंत्रणा आहे. या माणसांची गणती कुणी करत नाही.